बॅटरीआत्याची सातवी ओळ

सकाळी किल्ली फिरवलीत आणि गाडी नुसतं टक्-टक् करून गप्प बसली, तर तुम्ही आधी कोणाच्या नावाने बोटं मोडता? खरं सांगा. गाडी विकणाऱ्याच्या? बॅटरी बनवणाऱ्याच्या? शेजारी झोपलेल्या बायकोच्या किंवा नवऱ्याच्या? डिकीत गुरगुरणारा फ्रिज, तंबूपर्यंत ओढलेली दिव्यांची माळ, चार फोन, एक स्पीकर, सगळं स्वतःच्या हाताने गाडीला टोचलेलं असतं. पण स्वतःचं नाव तेवढं कोणाच्या तोंडी येत नाही.

तळ्याकाठच्या त्या कॅम्पिंगच्या मैदानावर अशी माणसं चौदा वर्षं रोज सकाळी एकाच बाईपुढे येऊन उभी राहायची. केस विस्कटलेले, पायात एकच चप्पल, आणि चेहरा असा की जणू बाईनेच त्यांची बॅटरी चोरून प्यायली आहे. तिला सगळे बॅटरीआत्या म्हणत. खरं तर आत्या ती एकट्या गेटवाल्याची. तिच्या भावाचा हा पोरगा आता तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, आणि मैदानाच्या गेटवर पट्टी वर-खाली करायच्या कामाला. तो तिला लांबून हाक मारायचा, "आत्या, एक गाडी मेली गं!" ते ऐकून पाहुणेही आत्या म्हणायला लागले. साठीला टेकलेली, काळीसावळी, आखूड बांध्याची बाई. उजवी भुवई अर्धीच. लहान पोरं विचारायची, "आत्या, तुमची अर्धी भुवई कुठे गेली?" ती म्हणायची, "बॅटरीने खाल्ली. तू जास्त गेम खेळलास तर तुझीही खाईल."

थट्टा वाटायची, पण खरंच बॅटरीने खाल्ली होती. नवऱ्याचं बॅटरीचं दुकान होतं, त्याच्या पाठीमागे ते तिने चालवायला घेतलं. शिकवणारा गेलेला, पुस्तक वाचायला इयत्ता चौथी पुरी पडत नव्हती, आणि बाजारातल्या बाप्यांनी मजा बघायची ठरवलेली. पहिल्याच वर्षी तिने मेलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीवरून करंट, म्हणजे जंप, देताना शेवटचा काळा चिमटा नेमका बॅटरीवरच लावला. ठिणगी उडाली, झाकण फुटलं. डोळे वाचले ते नशिबाने, भुवई गेली. शेजारचा मेकॅनिक म्हणाला, "अहो वहिनी, एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं." सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी सांगत नाही, ही गोष्ट तिच्या डोक्यात त्या दिवशी जी बसली ती बसलीच.

पुढे दुकान गेलं, तिने मैदानाच्या गेटपाशी पत्र्याची टपरी टाकली. आत दोन चार्जर, एक मीटर, जंपर केबलचे दोन जोड, आणि ॲसिड सांडलं तर टाकायला खाण्याच्या सोड्याचा मोठा डबा. बाहेर पाण्याचं निळं पिंप, त्याला साखळीने बांधलेला मग. साखळी का, तर पाहुणे मग उचलून संडासाला न्यायचे. पिंप कायम काठोकाठ. त्यात कोणी हात धुतले तर आत्या अंगावर यायची. "ते हात धुवायचं नाही. ते डोळे धुवायचं आहे." लोकांना वाटायचं, बाई जरा सरकलेली आहे.

आणि टपरीच्या शेजारी खांबाला लटकवलेला बोर्ड. भंगारातल्या एका गाडीचं बॉनेट होतं ते. त्यावर तिने स्वतःच्या हाताने, लाल ऑइलपेंटने सात ओळी लिहिल्या होत्या. अक्षरं वाकडी, पण बोटभर उंच.

आधीची तीन वर्षं ती तोंडाने सांगायची. रोज तेच. एकदा एक पाहुणा आला होता, गाडी नवीकोरी, चेहरा उतरलेला.

"गाडी तर रात्रभर बंद होती हो."

"गाडी बंद होती. तुम्ही कुठे बंद होतात?"

"फक्त फ्रिज चालू होता."

"आणि?"

"लॅपटॉप. थोडा वेळ."

"आणि?"

मागून त्याची बायको म्हणाली, "किटली सांग ना. किटली का लपवतोयस?"

"किटली दोनदाच लावली."

आत्याने कपाळावर हात मारला. "अहो साहेब, गाडीतली बॅटरी म्हणजे घागर आहे, विहीर नाही. फोन चमच्याने पितो. दिवा पळीने. फ्रिज वाटीवाटीने, पण रात्रभर. आणि किटली सरळ घागर आडवी करते. शिवाय घागर अर्ध्याच्या खाली उपसायची नसते. सकाळी इंजिनालाही तोंड धुवायला पाणी लागतं की नाही?"

"हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

त्याच आठवड्यात तिने भंगारवाल्याकडून बॉनेट आणलं. त्यानंतर ती तोंडाने सांगेनाशी झाली. कोणी काही विचारलं की बोट खांबाकडे. "बोर्ड वाचा." कोणी म्हणालं, कुठला बोर्ड, तर म्हणायची, "काल ज्याला टेकून फोटो काढलात तो." गेटवाल्या भाच्याने काही विचारलं तरी तेच, "बोर्ड वाच." तिला त्या बोर्डाचा गर्व होता. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिलेलं शिकलेली माणसं मान वर करून वाचतात, हा गर्व. का नसावा? तुमच्या-माझ्यासारखे कुठल्या ना कुठल्या कागदाचा बाळगतातच की.

बोर्डावर काय होतं? पहिली ओळ: गाडी बंद करून अर्धा तास थांबा, मग मीटर लावा; लगेच लावाल तर मीटर खोटं बोलेल. दुसरी: मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर मजा करा, बारा पॉइंट दोनला आटपा, बाराला हात जोडा. मग फ्रिज घरून गार करून आणा, इथे गार ठेवायचं असतं, गार करायचं नसतं. जे तापतं ते गाडीला लावू नका. फोन-लॅपटॉपचं पोट गाडी चालू असताना भरा. दरवाजे उघडे टाकू नका, आतला छोटा दिवाही रात्रभर खातो. आणि सातवी, सगळ्यांत लांब, बॉनेटच्या काठापर्यंत गेलेली: 'गाडी मेलीच तर लाल चिमटे आधी, काळे नंतर. शेवटचा काळा मेलेल्या बॅटरीवर लावायचा नाही. लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरी पादते. ठिणगी पडली की फुटते.'

पोरं ती ओळ मोठ्याने वाचून खिदळायची. आत्याला तेच हवं होतं. हसलेलं माणूस विसरत नाही.

एवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली. रोज संध्याकाळी पाचला हातात मीटर आणि खडू घेऊन ती मैदानाला फेरी मारायची. एकेका गाडीचं बॉनेट उघडायला लावायची, आकडा बघायची आणि पुढच्या टायरवर खडूने लिहायची. १२.५. १२.३. ज्याच्या टायरवर १२.२ आला त्याला म्हणायची, "तुमचा आज उपास. स्पीकर बंद, दिव्यांची माळ बंद. गप्पा मारा, त्यांना करंट लागत नाही." लोकांना या खेळाची गोडी लागली. एकमेकांचे टायर बघून टोमणे मारायला लागले. "काय हो, तुमचा बारा पॉइंट दोन? संसार झेपत नाही वाटतं!"

आता यातली मेख बघा. तिला पैसे मिळायचे ते मेलेली गाडी उठवण्याचे. गाडी मरूच नये म्हणून केलेल्या फेरीचे कोणी देत नव्हतं. आधी सकाळी आठ-दहा गाड्या मरायच्या, हळूहळू दोन, मग कधी एक, कधी एकही नाही. भाचेसून म्हणायची, "आत्या, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." आत्या म्हणायची, "माझा पाय आहे." ज्यांनी आयुष्यात एक तरी काम मनापासून केलंय त्यांना हे उत्तर कळेल. बाकीच्यांना समजावण्यात अर्थ नाही.

मग नवा मॅनेजर आला. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधासारखं. हाती लागेल तो कागद तो प्लास्टिकमध्ये घालून गरम मशीनमधून काढायचा, म्हणून सगळे त्याला पाठीमागे लॅमिनेशनसाहेब म्हणत. आल्या आल्या त्याने गेटचा फोटो काढून भिंतीवर लावला आणि टपरीभोवती लाल गोल काढला. एका सकाळी आत्याला ऑफिसात बोलावणं आलं. खुर्ची होती, बसा कोणी म्हटलं नाही. ती स्वतःच बसली.

"आत्या, महिन्यात किती गाड्या उठवल्यात?"

"अकरा. चांगली गोष्ट आहे की नाही?"

"हो ना. म्हणजे आता तुमची तेवढी गरज उरली नाही."

आत्याला आधी वाटलं, साहेब विनोद करतोय. तो करत नव्हता. पाहुण्यांना गेटवर आल्या आल्या टपरी दिसते, निळं पिंप दिसतं, बरं दिसत नाही, म्हणाला. अकरा गाड्यांचं काय, ते आपला गेटवाला बघेल, तुमचाच भाचा आहे, घरातलं काम घरातच राहील. "आणि तुमचा बोर्ड तर फारच छान आहे. तो आम्ही नव्याने छापून घेतोय. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनवर पाठवणार. मानाची गोष्ट आहे तुमच्यासाठी."

"मान? मग खाली माझं नाव घाला."

"नाव... मैदानाचं असेल."

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा तर बिळाला स्वतःची पाटीही लावणार होता.  टेबलावरची प्लास्टिकमधल्या कागदांची चळत उचलून भिरकावावी असं आत्याच्या मनात आलं. पण तिला दुसरंच काही दिसत होतं. तिला भाचा दिसत होता, मेलेल्या गाडीवर ओणवा झालेला.

"टपरी न्या," ती म्हणाली. "पिंपही न्या. पण बोर्डावर सात म्हणजे सात ओळी. सातवी सुटता कामा नये."

"सातवीचं जरा... 'पादते' असा शब्द आहे आत्या. फॅमिली येतात, लहान मुलं असतात."

"लहान मुलं पादत नाहीत?"

"तसं नाही हो. आणि 'फुटते' म्हटलं की पाहुणे घाबरतात."

"घाबरायलाच लिहिलंय. बरं, 'पादते' काढा. 'गॅस सोडते' लिहा. पण लिहा."

"बघतो."

"बघतो नको. शब्द द्या."

"दिला, आत्या. शब्द दिला."

अकरा वर्षं रंगाने लिहिणारी बाई त्या दिवशी तोंडी शब्द घेऊन उठली.

घर दोन खोल्यांचं. पुढे आत्या, मागे भाचा आणि भाचेसून, मध्ये एक फळीची भिंत. संध्याकाळी भाचा आला तो खाली मान घालून.

"आत्या, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दिलं असतं."

"मग द्यायचं होतं दुसऱ्याला."

"आणि माझी गेटवरची नोकरी? 'हे जमत नसेल तर तेही बघावं लागेल' असं म्हणाला तो."

"मी लावलेली नोकरी तुझी. आधीच्या साहेबापुढे हात जोडले होते मी. आठवतं?"

"आठवतं गं. तू रोज आठवण करून देतेस, विसरू कसा?"

हे बोलणं लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. आत्याने तोंड फिरवलं ते फिरवलंच. पुढे त्या घरात माणसं तीन आणि निरोप भिंतीला. "कोणाला तरी म्हणावं, नळ बंद कर." "कोणाला तरी सांगा, जेवण झाकून ठेवलंय." भाचेसून बिचारी टपालवाली झाली होती.

दुसऱ्या दिवशी भाचा दारात येऊन उभा राहिला. हातात केबल होत्या, टपरीतल्याच, तिच्याच.

"आत्या, एकदा दाखव ना कसं लावायचं. मी गेटवरून बघितलंय तुला, पण वीस पावलांवरून. नीट दिसत नाही. बोर्डावरचं पोरांचं 'पादते' तेवढं लक्षात आहे."

आत्या धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. कोणी विचारलं की गेली अकरा वर्षं तिच्या तोंडून जे यायचं, तेच आलं.

"बोर्ड वाच."

"आत्या..."

"बोर्डावर लिहिलंय सगळं. अख्खं जग वाचतं. तुला वाचता येत नाही?"

त्याने केबलचं वेटोळं केलं. मग ते खांद्यावर टाकून निघून गेला. ते वेटोळं उलटं घातलेलं आहे, हे तिला कडेने दिसलं. ते सांगायलाही ती उठली नाही.

त्यानंतर अकरा दिवस ती मैदानाकडे फिरकली नाही. गरज नाही म्हणालात ना, मग बघा. तिने मनाशी धरलं होतं की चार दिवसांत चार गाड्या मरतील, साहेब गाडी पाठवून बोलावील. गाड्या मेल्या. संध्याकाळची फेरी बंद, खडू बंद, त्यामुळे रोज सहा-सात मरायला लागल्या. पण बोलावणं आलं नाही. भाचा उठवत होता. लाल लाल, काळा काळा, गाड्या उठत होत्या. चुकीच्या जागी लावूनही दहादा काही होत नाही. या कामातली मोठी फसवणूक तीच. दहादा काही होत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला भाचेसुनेचा फोन वाजला. ती ऐकता ऐकता भिंतीला टेकली. आत्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहऱ्यावरून कळलं.

"पाणी," आत्या ओरडली. "विचार आधी, डोळ्यात पाणी ओततायत का?"

भाचेसुनेने विचारलं. ऐकलं. "पाणी कुठेय, म्हणतायत."

झालं होतं ते असं. एका मोठ्या गाडीचा फ्रिज दोन दिवस अखंड चालू होता. पहिल्या सकाळीही तीच गाडी मेली, भाच्याने जंप देऊन उठवली. पाहुण्याने चार्जर लावून बॅटरी दणादण चार्ज करून घेतली आणि रात्री पुन्हा उपसली. दुसऱ्या सकाळी बॉनेटखाली गॅस कोंडलेला. भाच्याने लाल लावले, एक काळा चांगल्या गाडीला लावला, आणि शेवटचा काळा, ओणवं होऊन, नीट बघत, मेलेल्या बॅटरीवर. वाचून काम करणारा माणूस नीट बघूनच करतो. ठिणगी उडाली, बॅटरी फुटली, ॲसिड थेट डोळ्यांत. पिंप असतं तर पाच पावलांवर होतं. पिंप नव्हतं, तिथे आता रंगीत दगड रचले होते. नळ पार स्वयंपाकघराच्या मागे. कोणीतरी त्या गाडीतला फ्रिज उघडला आणि थंड पेयांच्या बाटल्या काढल्या. ज्या फ्रिजने गाडी मारली, त्याच फ्रिजमधल्या. सोडा-पाणी, सरबत, हाताला येईल ते ओतलं. एक बाई म्हणत होती, ती मोठी नको, ती मुलांची आहे.

दवाखान्याच्या बोळात आत्या आणि भाचेसून दोन टोकांच्या बाकांवर बसल्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, उजवा वाचला. डाव्याने उजेड-अंधार कळेल, फार तर सावली. "पहिल्या पाच मिनिटांत भरपूर साधं पाणी मिळालं असतं तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. शिकलेल्या माणसांना वाक्य कुठे तोडायचं ते बरोबर कळतं.

भाचेसून उठून आत्यापुढे आली. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "दाखव म्हणून दारात आला होता ना तो? मी आत पोळपाट धूत होते, ऐकलं मी सगळं. एक मिनिट लागलं असतं आत्या. एक मिनिट. तुमच्या तोऱ्यापायी."

आत्याकडे उत्तर होतं. बोर्डावर होतं, साहेबाने शब्द दिला होता, असं म्हणता आलं असतं. तिच्या ओठापर्यंत आलंही. मग आतून भाच्याने हाक मारली. डोक्याला पट्टी, एकच डोळा उघडा, तोही लाल.

"आत्या, मी वाचला गं बोर्ड," तो म्हणाला. "दोनदा वाचला."

"सातवी ओळ?"

"सातवी पण वाचली."

"काय होती?"

त्याला पाठ होती. "'काही अडचण आल्यास आमच्या सेवकाला बोलवा. आपला मुक्काम सुखाचा होवो.'"

आत्या पलंगाची कड धरून उभी होती.  सेवक म्हणजे हा. पाहुण्याने सेवकाला बोलवायचं. सेवकाने कोणाला बोलवायचं, ते छापायला साहेबाच्या नव्या बोर्डावर जागा उरली नव्हती. फुलाचं चित्र काढायला उरली होती.

तिसऱ्या दिवशी लॅमिनेशनसाहेब दवाखान्यात आला. फळं घेऊन, आणि कागद घेऊन. कागद अजून प्लास्टिकमध्ये गेलेला नव्हता, सह्या व्हायच्या होत्या. त्यावर लिहिलं होतं की सदर काम सेवकास घरातील अनुभवी व्यक्तीकडून आधीपासून अवगत होते. मैदानाकडून कोणतीही कमतरता राहिलेली नाही. सदर अनुभवी व्यक्तीस यापुढे मैदानात प्रवेश नाही. भाच्याने सही केलेली होती. खाली आणखी एक रेघ रिकामी होती.

"इथे तुमची, आत्या. मग याची गेटवरची नोकरी पक्की. एका डोळ्याने पट्टी उचलता येते, मी वर बोललोय. सही नसेल तर मग माझ्याही हातात काही नाही."

"तुम्ही शब्द दिला होता."

"कशाचा?"

खरंच आठवत नव्हतं त्याला. खोटं बोलत असता तर आत्याने ओळखलं असतं, तिने आयुष्यभर मीटर वाचले होते. त्या माणसाने शब्द दिला, आत्या दाराबाहेर पडायच्या आत विसरला, आणि रात्री शांत झोपला. याचं काय करायचं? याला शिवी तरी कुठे लागते?

चोराच्या उलट्या बोंबा म्हणायची सोय नव्हती, कारण हा बोंबलतही नव्हता, हसत होता. भाचेसून खिडकीतून बाहेर बघत होती. भाच्याचा एक डोळा आत्यावर होता. सही करू नकोस असं तो म्हणेल, म्हणून ती क्षणभर थांबली. तो म्हणाला नाही. म्हणावं कसं? घरी दोन पोटं होती आणि एक डोळा.

"पेन द्या," आत्या म्हणाली.

तिने सही केली. चौथीतल्या पोरीची सही, अक्षर सुटं सुटं. आणि मग पेन परत न देता सहीच्या खाली, कागदाच्या पार काठापर्यंत, सावकाश लिहिलं: लाल चिमटे आधी, काळे नंतर. शेवटचा काळा मेलेल्या बॅटरीवर लावायचा नाही. लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरी पादते. ठिणगी पडली की फुटते.

"हे काय? हे इथे नाही चालत, आत्या."

"सही हवी तर कागद हा. करा लॅमिनेट."

त्याने घड्याळ बघितलं, कागद बघितला, आणि घडी न घालता फाइलमध्ये सरकवला. त्याला सही हवी होती. अशी ती ओळ शेवटी मैदानाच्या ऑफिसात पोचली. प्लास्टिकमध्ये, कपाटात, कुलपात. तिला पाणी लागणार नाही, धूळ लागणार नाही, आणि कोणाची नजरही लागणार नाही.

आता भाचा पुन्हा गेटवर असतो. गाडी डावीकडून आली तर त्याला उशिरा कळतं, हॉर्न खाल्ल्यावर पट्टी उचलतो. जंप द्यायचं काम त्याच्याकडून काढून माळ्याला दिलं. आत्याने माळ्याला बाजारात गाठलं, भाजीच्या पिशव्या खाली ठेवायला लावल्या आणि छत्रीच्या दोन टोकांनी दाखवलं, एकदा नाही, पाच वेळा. आता ती दाखवते. कोणी विचारो न विचारो. रस्त्यात उघडं बॉनेट दिसलं की थांबते. लोक म्हणतात, बाई पार सरकली.

एकदा ती गेटपर्यंत गेली होती. भाच्याने पट्टी उचलली नाही. "आत्या, वरून बघतात गं," एवढंच म्हणाला. पट्टीच्या अलीकडे ती, पलीकडे तो.  मग तिने त्याची बटणं चुकलेली होती ती नीट लावली आणि परत फिरली. घरात भिंतीला निरोप द्यायचं तेवढं बंद झालंय. बोलायला फारसं काही उरलेलं नाही, पण बोलतात.

आणि तिचं बॉनेट? ते टाकलेलं नाही. त्या लोकांना जुन्या वस्तूंची भारी हौस. मैदानातल्या कॅफेच्या भिंतीवर ठोकलंय, वर पिवळा दिवा सोडलाय, पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. सहा ओळी छान दिसतात. सातवीच्या पुढे एक कुंडी ठेवली आहे, रुंद पानांची.

आत्याला तिथे जाता येत नाही. भाच्याला सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. तुम्ही जाल. फ्रिज, फोन, स्पीकर घेऊन तुम्ही जाणारच. बारा पॉइंट दोनला आटपा, म्हणजे तुमच्या गाडीवर ओणवं व्हायची पाळी कोणावर येणार नाही. आणि कॅफेत फोटो काढण्याआधी एवढं करा, ती कुंडी उचला आणि बाजूला ठेवा.